नरसय्या धावला तो पौष

वैरागहून भाच्याने हुरड्याची कणसं पाठवली. सुनेने ती शेगडीवर भाजली आणि ताटात घालून माझ्यापुढे ठेवली. शेतातल्या आगटीची चव शेगडीला येत नाही. पण ते बोलून दाखवलं तर पुढच्या वर्षी ती भाजणारच नाही, म्हणून गप्प बसलो. एक कणीस उचललं आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळलं. चटका बसला. दाणे ताटात पडत राहिले आणि माझं लक्ष तिथून उठून गेलं. दर पौषात असंच होतं.

तळव्याला चटका बसला की मला हुरडा आठवत नाही, चामड्याचा चेंडू आठवतो. थंडीत, ऊन अजून अंगाला लागत नाही अशा वेळी, समोरच्याने छातीजवळून फेकलेला चेंडू हातावर आदळला की असाच चटका बसायचा. बोटं मुळापासून झिणझिणायची. आई म्हणायची, चामड्याला हात लावून आलास, आधी धू. मी धुवायचो, पण झिणझिण्या काही जायच्या नाहीत.

आमच्या घरामागे शाळेचं मैदान आहे. तिथं आता सिमेंट घातलंय आणि दोन्ही टोकांना खांब रोवून त्यावर कडी बसवली आहेत. पोरं चेंडू आपटतात. थप, थप, थप. परवा मी ओट्यावर बसून ऐकत होतो, तेव्हा सून म्हणाली,

"काय ऐकताय मामंजी?"

"चेंडू."

"शाळेला सुट्टी हाय की गड्ड्याच्या जत्रेची. तिथं कोण न्हाय."

असेल कोणीतरी, म्हटलं. उठून बघायला मात्र गेलो नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सगळा जन्म गिरणीत काढलेल्या माणसाला आवाजाची भीती वाटत नसते. पण काही आवाज ऐकून घ्यायचे असतात, त्यांच्या मागे जायचं नसतं.

तो पौष असाच कोरडा होता. वाऱ्याला ज्वारीच्या ताटांचा गोडसर वास, आणि गावात शिरला की त्याच वाऱ्याला कापसाच्या रुईचा वास. सोलापूर तेव्हा भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मी तिसरीत पाटी ठेवली होती आणि साचाखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, नुकते दोन माग माझ्या हाताखाली आले होते. शेजारचे दोन माग नरसय्याचे. चाळीतसुद्धा त्याची खोली आमच्या खोलीला लागूनच, मध्ये फक्त कुडाची भिंत. तो आणि त्याची आई. तिला सगळी चाळ अव्वा म्हणायची. नरसय्या आईशी तेलुगू बोलायचा, जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, दखनी आणि आमच्याशी मराठी, पण त्या मराठीलाही शेवटी एक 'रा' लावायचा. अंगाने काटकुळा आणि उंच. मागांमधल्या बोळातून यायचा तेव्हा वरच्या पट्ट्याला डोकं लागेल म्हणून मान वाकवून यायचा. अजूनही कधीकधी दुपारी डोळा लागता लागता कोणीतरी मान वाकवून दारातून आत येतं. मग डोळा लागत नाही.

खेळ आणला तो शांतवन मास्तरांनी. मिशनच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. मद्रासला जाऊन काही शिकून आले होते आणि येताना हा कड्यात चेंडू टाकायचा खेळ घेऊन आले. गिरणीच्या साहेबाला वाटत होतं की माणसं गुत्त्यावर जातात त्यापेक्षा मैदानावर जावीत. म्हणून ठरलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला गिरणी बंद असते तेव्हा, खात्याखात्यांचे सामने लावायचे. सूतखातं, साचाखातं, रंगखातं. प्रत्येकाचे पाच गडी. खेळ कुणालाच येत नव्हता, त्यामुळे कुणाला कमीपणा नव्हता.

चाळीमागचं मुरमाचं मैदान. एका बाजूला लिंबाच्या खोडाला फळी ठोकली, दुसऱ्या बाजूला खांब रोवला. कापसाच्या गासडीला बांधतात ती लोखंडी पट्टी वाकवून लोहाराने दोन कडी करून दिली. जाळी विणायचं काम नरसय्याने अंगावर घेतलं. कांजी दिलेल्या सुताचे पदर एकत्र वळून त्याने अशी देखणी जाळी विणली की मास्तर हातात घेऊन बघत राहिले. मग त्यांनी तिच्यात हात घातला. हात खालून बाहेर येईना.

"अरे, बूड कशाला विणलंस हिला?"

"बूड नसलेली टोपली कोण विणतो मास्तर? अव्वा घरात घेनार न्हाय मला."

"चेंडू खाली पडायला हवा बाबा. वर अडकला तर काढणार कोण?"

"मी काढतो की. उंच हाय."

आणि खरोखरच पहिले काही दिवस आम्ही बुडाच्या टोपलीत खेळलो. चेंडू आत पडला की सगळे थांबायचे, नरसय्या खालून उडी मारायचा आणि मुठीने चेंडू वर उडवून बाहेर काढायचा. त्याला त्यात इतकी मजा यायची की आम्ही टाकलेला चेंडू आत गेला याचा आनंद आम्हाला कमी आणि त्याला जास्त. शेवटी मास्तरांनीच कात्री आणली.

चेंडूच्या पोटावर बुटासारखी नाडी होती. नाडीची बाजू जमिनीला लागली की चेंडू वाकडा उडायचा. मास्तर म्हणायचे, चेंडू मारायचा नाही, ढकलायचा, बोटांनी. आणि त्याच्याकडे बघायचं नाही, वर बघायचं. हे वर बघणं आम्हाला जमेना. साचेवाल्याची नजर खाली असते, कापडावर. धागा तुटला तर तो दिसायला हवा, म्हणून मान खाली घालायची सवय हाडात गेलेली. आम्ही पाचही जण चेंडूवर नजर लावून धावायचो आणि एकमेकांच्या डोक्याला डोकं आपटून बसायचो.

"काय हरवलंय का रे जमिनीत?" मास्तर विचारायचे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. मास्तर म्हणायचे, हाक मारा, ज्याला चेंडू हवा त्याने ओरडायला पाहिजे. आमच्यातला एकही ओरडायचा नाही. सूतखात्याची पोरं मैदानाच्या त्या टोकाला 'हिकडं दे, हिकडं दे' करून रान उठवायची, आणि आम्ही पाच जण मुके. मास्तर वैतागले. त्यांना कसं सांगायचं? साचाखात्यात एकदा माग सुरू झाले की कानाशी तोंड नेऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. तिथं माणसं हाताने बोलतात. मूठ खांद्यावर ठेवली की जॉबर येतोय. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटांची टोकं जुळवून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. उघडा पंजा खाली दाबला की माग बंद झाला. बायकोशी भांडण झालं, भाऊ गावाहून आला, आज डब्यात काय आहे, सगळं हातावर सांगायचो. मैदानावर आलो तरी तोंड उघडायचं आमच्या लक्षातच यायचं नाही. चेंडू हवा असला की आम्ही हात हलवायचो, आणि सगळे हाताकडे बघत असल्यामुळे चेंडू भलतीकडेच जायचा.

पण मी हट्टाला पेटलो. म्हटलं, ओरडायचं नाही. आपण आपल्याच बोलीत खेळू. नव्या खुणा ठरवल्या. कोपर वर केलं की मागे फेक. कानाला हात लावला की मी डावीकडून येतो. मास्तर कपाळाला हात लावून बसले. आठवडाभराने त्याच मास्तरांनी सूतखात्याच्या पोरांना सांगितलं, "ते काय करतात बघा, ओरडून आपलं गुपित सांगत नाहीत." त्या दिवशी मी घरी छाती काढून गेलो, आणि हे सांगायला मला आजही लाज नाही.

एक पाय रोवून ठेवायचा आणि दुसऱ्याने भोवती फिरायचं, हे नरसय्याला सर्वांत आधी जमलं. अनवाणी टाचेखाली मुरमात एक खळगा पडायचा, गोल, चाकाने काढल्यासारखा. सकाळी कामावर जाताना मी तो खळगा बघायचो. वाऱ्याने इतर सगळ्या खुणा पुसल्या तरी तो असायचा.

आता खोकल्याचं सांगायला हवं. पहाटे, चुली पेटायच्या आधी, कुडापलीकडून त्याची ढास ऐकू यायची. आधी दाबलेली, उशीत तोंड घातल्यासारखी, मग न दाबता येणारी. साचाखात्यात सगळेच खोकतात. रुई छातीत जाते, गूळ खायचा, कोमट पाणी प्यायचं. पण हा खोकला तसा नव्हता, हे मला ऐकून ऐकून कळलं होतं. आणि मला वाटायचं, मोकळ्या हवेत धावला तर जाईल. तेव्हा सगळ्यांनाच असं वाटायचं. मास्तर तर म्हणायचे, हा खेळ म्हणजे फुफ्फुसांचं औषध.

त्याच पौषात त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. दुसऱ्या गिरणीतले मल्लेशम मामा, ते पण साचेवाले, त्यांची मुलगी नागम्मा. नरसय्याने तिला एकदाच बघितलं होतं. पौषात लग्नं होत नाहीत, माघात उरकू, असं अव्वा सगळ्या चाळीला सांगत सुटली होती. पण कुणीतरी मामांच्या कानावर घातलं की पोरगा खोकतो. एका संध्याकाळी मामा चाळीत आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि उठताना म्हणाले,

"किंक्रांतीला तुमचा खेळ हाय म्हनं. येतो की बघायला. पोरगा पळतो कसा, बघू या."

ते असे हसत म्हणाले की अव्वाही हसली. पण ते काय बघायला येणार ते तिला कळलं होतं, मला कळलं होतं आणि नरसय्याला तर कळलंच होतं. अख्खा सामना तो खोकल्यावाचून खेळला तर माघात मांडव. मैदानावर ढास लागली तर सगळं मोडलं, आणि चाळभर बोभाटा होऊन जॉबरने माग काढून घेतले असते ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मिशनच्या दवाखान्यात जायला लावलं. परत आला तेव्हा मी दारातच बसलो होतो.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"दूध पी म्हनाला."

"एवढंच?"

"म्हैस घे म्हनाला न्हाय, एवढं नशीब."

मग मी बेत आखला. त्या काळी प्रत्येक गोलानंतर चेंडू मधोमध आणून पुन्हा उडवायचे, तेवढ्यात श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आणि कड्याखाली कितीही वेळ उभं राहिलं तरी पंच काही म्हणायचा नाही. मी नरसय्याला म्हटलं,

"तू कड्याखाली उभा राहा. आम्ही चेंडू आणून देतो. तू उंच आहेस, फक्त वर टाकायचा. पळायचं नाही."

"मग मी खेळलो कुटं रा? मी तर खांब झालो की."

"माघात लगीन हाय तुझं. हो खांब."

तो हसला. हसताना त्याने श्वास राखून ठेवला, हे मी बघितलं.

किंक्रांतीच्या दिवशी चांगलं काम सुरू करू नये म्हणतात. अव्वाने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. गड्ड्याला आलेली निम्मी माणसं खेळ बघायला चाळीमागे लोटली होती. हलगी वाजत होती, रेवड्यावाला फिरत होता, पोरं लिंबावर चढून बसली होती. फक्कीने आखलेल्या रेघा तुडवून तुडवून निम्म्या गेल्या होत्या. मल्लेशम मामा धुवट धोतर आणि लाल फेट्यात, खांबाच्या बाजूला, अगदी पुढे बसले होते.

शिट्टी झाली. चेंडू उडवला. आणि नरसय्या धावला.

मला आधी वाटलं, चुकून धावला. मी त्याच्याकडे पंजा खाली दाबला. थांब. त्याने बघितलं. मला नीट दिसलं की त्याने बघितलं. आणि मान फिरवून तो चेंडू ढकलत सूतखात्याच्या दोघांमधून निघून गेला. वर बघत. त्या दिवशी त्याने एकदाही खाली बघितलं नाही. चेंडू त्याच्या बोटांखाली असा यायचा जसं काही जमीनच त्याला तो देते आहे. धावायचा, थबकायचा, एक पाय रोवून फिरायचा, फिरता फिरता मागे न बघता माझ्याकडे फेकायचा, आणि चेंडू माझ्या तळव्यांवर आदळून चटका बसायचा. गोल झाला की मी मधोमध जाताना त्याच्या जवळून जायचो आणि तोंड न हलवता म्हणायचो, उभा राहा, भाड्या, उभा राहा. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला असायचा, बरगड्या आत-बाहेर, ओठ घट्ट मिटलेले. चेंडू उडाला की पुन्हा धावायचा. मी खेळत नव्हतो. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. हलगी, आरडाओरड, सगळं मला लांब गेलं होतं आणि कुडापलीकडचा आवाज आत्ता येईल, आत्ता येईल, एवढीच वाट मी बघत होतो.

आला नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत आला नाही.

सामना आम्ही हरलो. पंच मास्तर होते, म्हणून जास्त बोलता येत नाही.

माणसं मैदानात घुसली. हलगीवाले चेकाळले. मल्लेशम मामा उठले. त्यांच्या हातात तिळगुळाची पुडी होती आणि चेहऱ्यावर हसू. ते गर्दीतून आमच्याकडे यायला निघाले. नरसय्या लिंबाला पाठ टेकून उभा होता. मामा अजून लांब होते, आणि त्या गोंधळात हाक ऐकूच गेली नसती. नरसय्याने दोन्ही हात छातीसमोर वर धरले. बोटांची टोकं जुळवली आणि झटक्यात वेगळी केली. मग उघडा पंजा खाली दाबला.

धागा तुटला. माग बंद.

मामा जागच्या जागी उभे राहिले. ते साचेवाले होते. आजूबाजूला एवढी माणसं, पण त्या हातांकडे बघणारे आम्ही दोघेच. मामांनी पुडी धरलेला हात हळूच छातीला लावला, मान थोडी खाली घातली आणि ते वळून गेले.

"हे काय केलंस?" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा त्या मैदानावर ओरडलो.

"धागा तुटल्यावर माग चालवतो का रा आपन? खालचं सगळं कापड जातं," तो म्हणाला, आणि मग त्याला ढास लागली.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. माझा बेत, माझी धडपड, आणि याने हाताच्या दोन झटक्यांत सगळं मोडलं. लपवायला पाहिजे होतं, असं माझं तेव्हा म्हणणं होतं. माणूस लग्नाने बराही होतो, आम्ही बघितले आहेत असे. पंधरवड्याने मीच दूध घेऊन त्याच्या खोलीत गेलो, पण त्या दिवसाचा विषय त्याने काढला नाही आणि मी काढू दिला नाही. पाडव्याच्या आत तो गेला. त्याचे माग माझ्याकडे आले. त्या काळी आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याच्या भोकातून दोरा बाहेर काढायचा तर तिथं ओठ लावून तो आत ओढावा लागायचा. त्या धोट्यांना त्याचे ओठ लागलेले होते. लोक म्हणाले, बदलून घे. मी घेतले नाहीत. भोंगा झाला, पट्टे फिरले, धोटा उचलला आणि ओठाला लावला. लाकूड गार होतं. मला काही झालं नाही. का नाही झालं, हे विचारावं असं कुणी आता उरलं नाही.

गेल्या माघात जुन्या एका साचेवाल्याच्या नातीचं लग्न होतं, म्हणून गेलो होतो. खुर्चीवर बसलो तर शेजारी एक म्हातारी. हिरवं लुगडं, नाकात फुली, आणि हाताची बोटं मांडीवर सारखी हलत होती, विडी वळल्यासारखी. आयुष्यभर वळल्या असणार. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुमी साचाखात्यातले मारुती न्हव्हं का?"

"व्हय."

"मी मल्लेशमची नागम्मा."

मांडवात सनई वाजत होती.

"त्यानं मला नको म्हटलं," ती म्हणाली. "बाबा एवढंच बोलले घरी येऊन. का ते न्हाय सांगितलं. मला बघायला आला तवा मी काय चुकीचं बोलले का, हसले का, किती वर्षं त्योच विचार करत बसले. लगीन झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली. तरी भाकरी थापताना मधीच येतंय मनात. काय बघितलं असंल त्यानं माझ्यात?"

मग मी तिला सगळं सांगितलं. दवाखाना, मामांचं येणं, तो सामना. हात वर करून ती खूणही दाखवली. तिची बोटं थांबली.

"बाबांना कळलं हुतं?"

"कळलं होतं. म्हणूनच गप्प बसले. बाहेर फुटलं असतं तर त्याची भाकर गेली असती."

अक्षता पडल्या, माणसं उठली, आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ती म्हणाली,

"सांगायचंच हुतं तर एवढा पळाला कशाला? तुमी उभा राहा म्हनत हुता की."

हा प्रश्न मला एवढ्या पौषांत सुचला नव्हता. मी धरून चाललो होतो की तो तिच्यासाठी धावला. तिच्यासाठी धावला आणि ऐनवेळी धीर सुटला. पण दवाखान्यातून येतानाच त्याचं ठरलेलं होतं. खोकला कुणापासून लपवायचा, ही काळजी त्याला त्या दिवशी नव्हतीच. ती सगळी माझी होती. छाती फुटेस्तोवर धावत होता तेव्हा तो कुणाला काही दाखवत नव्हता. मी त्याच्या बरगड्या बघत राहिलो आणि चेहरा बघायचा राहून गेला.

"त्याला खेळायचं होतं, बाई," मी म्हणालो.

तिने पदराने डोळे टिपले. सनई थांबली होती.

"चांगला खेळला का?"

"माझ्यापेक्षा," मी म्हणालो.